शनिवारी भाजलेली माती

एकोणीस पिशव्यांमधली माती ओव्हनमध्ये मी ठेवली होती, बनसोडेंनी नव्हे. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोला माहीत नाही. वडील गेले, त्यांनाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आता कागदावर उतरवलं तर एवढंसं वाक्य दिसतंय. एवढं एक वाक्य घशात अडकवून माणूस सत्तावीस वर्षं जेवतो-खातो, लग्न करतो, मुलीचा अभ्यास घेतो, याचं माझं मलाच नवल वाटतं.

निमित्त झालं पोह्यांचं. श्रावणाच्या तोंडाशी बोरिवलीच्या आमच्या घरात सगळंच सादळतं. काडी पेटत नाही, मीठ बरणीतून हलत नाही, टॉवेल दोन दिवस दोरीवर राहून आणखीच जड होतात. परवा बायको डबा उघडून म्हणाली, "हे बघा, मऊ पडले. ओव्हनमध्ये ठेवू का थोडा वेळ?" मी नको म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असणार, कारण ती डबा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. मग "पोहेच आहेत हो," असं पुटपुटत तिने कढई गॅसवर ठेवली. थोड्या वेळाने भाजल्याचा वास आला आणि मी उठून गॅलरीत गेलो.

समोरच्या इमारतीच्या भिंतीवर शेवाळ चढलं होतं. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती चालू होत नव्हती. मला दिसत होती ती मात्र मरोळची लांब खोली, पत्र्याचे ट्रे, त्यांवर अंथरलेले जुने पेपर आणि पेपरांवर पसरलेली, काही केल्या न वाळणारी काळी माती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तेवीस वर्षांचा, रसायनशास्त्रातला नवा कोरा बी.एस्सी. घाटकोपरला डोंगराच्या कडेला असलेल्या चाळीत आम्ही राहायचो. वडील गिरणीत होते, पण त्या वर्षी गिरण्यांचे भोंगे थांबले होते. तरी ते पहाटे पाचला उठून दाढी करत आणि कुठे जायचं नाही हे आठवलं की दारातल्या स्टुलावर बसून राहत. माझी मरोळची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. साहेबांना काम पटलं तर कायम. वडिलांनी तोवर अख्ख्या चाळीला सांगून टाकलं होतं, "माजो झील मातयेचो डागतर आसा." मी लाजायचो आणि मनातून सुखावायचो.

मातीचा डॉक्टर म्हणजे काय, तर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक खासगी प्रयोगशाळा होती. दुसरा मजला, शेजारी प्लॅस्टिकचे कंगवे बनवणारा कारखाना. त्याच्या वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास आमच्या चहालासुद्धा यायचा. मालक पै साहेब. गोरेपान, हळू बोलणारे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. हाताखाली आम्ही दोघं. मी विश्लेषण करायचो आणि अहवाल लिहायचो. बनसोडे नमुने वाळवायचे, कुटायचे, चाळायचे आणि भांडी धुवायचे. पगारपत्रकावर त्यांच्यापुढे हमाल असं लिहिलेलं होतं.

बनसोडेंचं वय तेव्हा चाळिशीचं. परभणीकडचे. वडील विहिरी खणायचे. त्यांच्याबरोबर हे लहानपणापासून खड्ड्यात उतरलेले. दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर होते, तिथून मुंबईला आले, मुलुंडच्या उतारावर पत्र्याची खोली बांधून राहिले. घरात तथागतांची तसबीर, शाळेत जाणारी एक मुलगी. आठवडाभर एकच खाकी शर्ट घालायचे, पण त्याची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. मी त्यांना बनसोडेभाऊ म्हणायचो. ते मला नुसतं परब म्हणायचे. फारच वैतागले तर बी.एस्सी.

माती ओळखायला मला खरं तर त्यांनी शिकवलं. मी शिकलेला होतो तो काचेच्या नळकांड्यातून. लिटरभर पाण्यात माती घुसळायची, त्यात तरंगता हायड्रोमीटर सोडायचा आणि घड्याळ लावून बसायचं. वाळू लगेच तळाशी जाते. तिच्याहून बारीक तो पोयटा, तो सावकाश उतरतो. सगळ्यांत बारीक चिकण, ती तासन्तास पाण्यातच राहते. कोण किती वेळ तरंगलं त्यावरून कोण किती आहे ते काढायचं. मी नळकांड्यापुढे डोळे बारीक करून बसलो की बनसोडे मागून जाताना विचारायचे, "काय डॉक्टर, पाण्याला ताप हाय का?"

त्यांची रीत निराळी होती. लिंबाएवढी माती तळहातावर घ्यायची, पाणी शिंपडून मळायची आणि अंगठा नि तर्जनीच्या मधून पुढे ढकलत तिची पट्टी काढायची. वाळूची पट्टी होतच नाही. पोयटा पिठासारखा लागतो, पेरभर पट्टी झाली की तुटतो. चिकण तुटत नाही, लांबत राहते. शेवटी ते कणभर माती दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. मीही हळूच करून पाहायचो. दोन महिन्यांनी माझी बोटं त्यांच्याशी निम्म्या वेळा तरी सहमत व्हायला लागली. त्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद होता. "हात हाय तुला," ते म्हणाले होते. "डोकं मधी आणू नको."

डोकं मध्ये येणारच होतं. फोर्टच्या फुटपाथवरून मी एक जाडजूड परदेशी पुस्तक घेतलं होतं, मातीच्या वर्गीकरणाचं. त्यातलं एक प्रकरण मी इतक्यांदा वाचलं की ती पानं आपोआप उघडायची. तिकडच्या अफाट गवताळ मैदानांवरच्या खोल, पोयट्याच्या मातीचं ते प्रकरण. वाऱ्याने हजारो वर्षं वाहून आणलेली बारीक धूळ, तिच्यावर कमरेएवढं गवत, दर वर्षी मरणारी आणि तिथेच कुजणारी मुळं. वरचा थर हातभर जाड, ओला असताना जवळजवळ काळा. माती रव्यासारखी कणीदार, मुठीत दाबली की सुटी होणारी. खाली तपकिरी होत गेलेली, आणखी खाली चुन्याचे पांढरे ठिपके. आम्लाचा थेंब टाकला की तिथे फसफसतं. पाणी धरून ठेवते, तरी तुंबू देत नाही. कुदळ दोन पुरुष खोल गेली तरी दगडाला लागत नाही. माझं बालपण कोकणातल्या जांभ्यावर गेलेलं. तिथे वीतभर माती आणि खाली तांबडा दगड. दगड न लागणारी जमीन ही माझ्यासाठी देवाधर्माइतकी मोठी गोष्ट होती. घाटकोपरच्या त्या खोलीत, ओल उतरलेल्या भिंतीला टेकून, मी न पाहिलेल्या त्या मातीच्या प्रेमात पडलो होतो. आपल्याकडे कुठेतरी अशी असेल आणि ती आपल्याच हातून सापडेल, असं काहीतरी वेड डोक्यात होतं.

आषाढ अर्धा झाला असताना त्या एकोणीस पिशव्या आल्या. मांजरपाटाच्या, तोंडाला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. धरणाखाली जाणारं एक गाव होतं. त्याला नव्याने वसवायला एका नदीकाठचं कुरण सरकारी खात्याने पाहून ठेवलं होतं. घरं बांधायची, विहिरी खणायच्या, पाटाचं पाणी द्यायचं. जमीन त्या लायकीची आहे का, एवढं आम्ही सांगायचं. सर्वेक्षणाचे लोक भर पावसात खड्डे खणून थराथराची माती घेऊन आले होते. नोंदीत लिहिलं होतं: कुरण, खोल माती, रंग काळपट, मुळं भरपूर. ती ओळ मी दोनदा वाचली.

बनसोडेंनी पहिली पिशवी सोडली, ओलं ढेकूळ मळलं आणि पट्टी काढायला सुरुवात केली. ती लांबत लांबत तर्जनीवरून खाली लोंबायला लागली.

"बघ, जीभ काढली हिनं," ते म्हणाले. "पक्की चिकण. पै साहेबासारखी, वळवशील तिकडं वळंल."

पै साहेबांच्या केबिनची भिंत प्लायवूडची होती, म्हणून आम्ही आवाज न करता हसलो. मग ते गंभीर झाले. एक ढेकूळ फोडून त्यांनी मला त्याची आतली बाजू दाखवली. तिथे मेणासारखी चकाकी होती. फुगणारी माती आतल्या आत एकमेकींवर घसरते, घासते, तिची ती चकाकी. चैत्रात हे लोक गेले असते तर भेगांत पाय गेला असता, ते म्हणाले. पावसात भेगा मिटतात, मग काय दिसणार? अशा जमिनीवर घर बांधलं तर तिसऱ्या वर्षी भिंतीत हात जाईल. पाटाचं पाणी दिलं तर तुंबून राहील. मी म्हटलं, विश्लेषण होऊ द्या, मग बघू.

पण विश्लेषण व्हायला माती वाळायला हवी. ती सावलीत, हवेवर वाळवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या वर्षी हवेतूनच पाणी टपकत होतं. ट्रेमधले पेपर भिजून त्यांची अक्षरं मातीला उलटी चिकटली. आठ दिवसांनी ढेकळांवर पांढरी बुरशी आली. पंधरा दिवसांनी सातव्या ट्रेमध्ये गवत उगवलं. कुरणाचं बी होतं आत, मरोळच्या दुसऱ्या मजल्यावर ट्यूबलाइटखाली त्याला वाटलं आपली वेळ झाली. बोटभर उंचीची चार हिरवी पाती. बनसोडेंनी ती उपटू दिली नाहीत. "राहू दे की दोन दिवस. पाहुणी हायेत." पै साहेब फेरीवर आले की ते त्या ट्रेपुढे उभे राहायचे.

एका शुक्रवारी पै साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खात्याचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणाले, बुधवारी अहवाल हवा. आणि जाता जाता, टेबलावरचे कागद सारखे करत, "तुझेपण सहा महिने भरत आले ना रे, परब?" एवढंच. तेवढं पुरलं.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. एकला बनसोडे डबा पिशवीत घालून निघाले. मुलीला शाळेची चप्पल घ्यायची होती. मी मागे राहिलो. कोपऱ्यात आमचा कपाटाएवढा ओव्हन होता. त्याचा काटा एकशे पाचवर लावला तरी आत नेमकं किती तापायचं ते त्यालाच ठाऊक. तो फक्त मातीतलं पाणी मोजायला, डबीभर मातीसाठी. असल्या काळ्या मातीला ओव्हन दाखवायचा नाही, हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं, आणि बनसोडेंनीही सांगितलं होतं: चिकण भाजली की तिचा जीव जातो. तिचे कण एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि मग पाण्यात कितीही घुसळा, सुटत नाहीत. मी एकेक ट्रे आत सरकवत गेलो. सातव्याशी थांबलो. मग पाती चिमटीने उपटून कचऱ्यात टाकली आणि तोही सरकवला.

रविवारी मी घाटकोपरहून पुन्हा मरोळला गेलो, ओव्हन बंद केला, ट्रे परत जागेवर मांडले. वडिलांना वाटलं, पोरगा रविवारीसुद्धा राबतो. त्यांनी शेजाऱ्यांना तेही सांगितलं.

सोमवारी बनसोडे ट्रेपुढे बराच वेळ उभे होते.

"कशी रे वाळली?"

"शनिवारी दुपारी पंखा लावला होता. काल ऊनपण पडलं होतं ना इकडे."

त्यांनी मूठभर माती नाकाशी नेली. भाजल्याचा वास येतोय म्हणाले. मी म्हटलं, शेजारच्या कंगव्यांचा असेल. सातव्या ट्रेकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मोगरी घेऊन कुटायला बसले.

मग मी नळकांडी लावली. हायड्रोमीटरला कण कशाचा आहे ते कळत नाही, केवढा आहे एवढंच कळतं. चिकणीचे भाजून चिकटलेले गोळे पोयट्याच्या आकाराचे झाले होते. ते पोयट्यासारखे सावकाश तळाशी गेले आणि आकड्यांत पोयटा म्हणून मोजले गेले. आकडे मांडून झाले तेव्हा माझ्यासमोर त्या जाड पुस्तकातलं पान उभं राहिलं. खोल. पोयट्याची. काळपट. गवताळ कुरणाखालची. सगळं जुळत होतं. हे मला आज कबूल करायला हवं की, त्या क्षणी मी ओव्हन विसरलो. लबाडी लपवायची म्हणून मी तो अहवाल लिहिला नाही. मी तो आनंदाने लिहिला. माझी माती मला सापडली होती. 'निचरा चांगला, वस्तीस व बागायतीस योग्य,' हे शब्द मी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले.

बनसोडे मात्र ऐकेनात. ओल्या मातीचं एक ढेकूळ त्यांनी बाजूला ठेवलं होतं, ते घेऊन थेट पै साहेबांसमोर गेले आणि म्हणाले, साहेब, ही चिकण आहे, परबचं काहीतरी चुकतंय. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हाताने वर्गीकरण होत नसतं, बनसोडे." भाऊ म्हणालो नाही. साहेब हसले. बनसोडे ते ढेकूळ तसंच मुठीत धरून बाहेर गेले.

अजून एक गोष्ट उरली होती, नोंदवही. आमच्याकडे प्रत्येक नमुन्यापुढे कुणी काय केलं त्याचं आद्याक्षर लिहायची पद्धत होती. वाळवणे, कुटणे, चाळणे, विश्लेषण. बनसोडेंना लिहायला वेळ लागायचा, म्हणून पहिल्या तिन्ही रकान्यांत त्यांचा 'ब' मीच भरायचो, मी आल्यापासून. त्या सोमवारीही भरला. एकोणीस ओळींत. सवयीने हात चालला, असं मी मला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं. वाळवण्याच्या रकान्याशी पेन थांबलं होतं. मी दाराकडे पाहिलं, आणि मग लिहिलं.

महिनाभराने, गणपतीच्या आसपास, खात्याचं पत्र आलं. तेच नमुने त्यांनी पडताळणीसाठी दुसरीकडेही दिले होते, तिथे माती चिकण निघाली. कुरण रद्द झालं. त्या गावाला म्हणे दुसरी जागा बघितली. कुणाच्या भिंतीला तडा गेला नाही, कुणाचं शेत तुंबलं नाही. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं आहे: नुकसान कुणाचंच झालं नाही. बनसोडेंना मी कुणात धरत नव्हतो, एवढाच याचा अर्थ.

पै साहेबांनी उरलेल्या मातीची पिशवी टेबलावर उपडी केली आणि आम्हा दोघांना बोलावलं. बनसोडेंनी चिमूट उचलली, पाण्यात मळली. पट्टी पेराशी तुटली. "ही भाजलेली हाय, साहेब," ते म्हणाले. स्वतःहून म्हणाले. मातीबद्दल विचारलं तर खरं सांगायचं एवढंच त्यांना येत होतं. साहेबांनी नोंदवही उघडली, बोट 'ब'वर ठेवलं.

"मी न्हाई ठेवली," बनसोडे म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "अहवालाच्या आधीच्या शनिवारी तू होतास ना, परब? कुणी ठेवली?"

पंखा फिरत होता. शेजारी कंगव्यांचं मशीन ठक-ठक करत होतं. मला वडील दिसले, दाढी करून स्टुलावर बसलेले.

"मला आठवत नाही, साहेब."

पै साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्यासमोर दोघं उभे होते, एक बी.एस्सी. आणि एक बनसोडे, आणि त्यांना फार विचार करावा लागला नाही. बनसोडेंना त्यांनी त्याच दिवशी कामावरून काढलं. आमच्याकडे कप वेगळा नव्हता, बाक वेगळा नव्हता. मुंबई होती ती. पण संशयाला माणूस लागतो तेव्हा तो कोण असणार, हे जणू आधीच ठरलेलं असतं. त्या दिवशी बनसोडेंचं आडनाव माझ्या उपयोगी पडलं. हे वाक्य लिहायला मला पहिल्या वाक्यापेक्षा जास्त वेळ लागला आहे.

बनसोडेंनी बेसिनवर हात धुतले, नखांतली मातीसुद्धा काढली. डब्याची पिशवी घेतली. मी जिन्यापर्यंत गेलो, का ते माहीत नाही. पहिल्या वळणावर ते थांबले.

"बनसोडेनं ठेवली म्हणाला असतास तर मी तिथंच भांडलो असतो तुझ्याशी. आठवत न्हाई म्हणालास. आता भांडू कुणाशी?"

मी कायम झालो. वडिलांनी पेढे वाटले.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी मरोळ नाक्यावर, मी बसची वाट बघत असताना, ते समोर आले. शर्ट तोच, घडी तशीच. मी इकडेतिकडे पाहिलं. ते म्हणाले, घाबरू नको, तमाशा करायला आलो नाही. अंधेरीत एका प्रयोगशाळेत माणूस हवा होता, ते भेटून आले होते. पण तिथले लोक पै साहेबांना फोन करून विचारतात आणि साहेब सांगतात, नमुने जाळले. त्यांना माझ्याकडून फक्त एक कागद हवा होता. ती माती मी ओव्हनमध्ये ठेवली, एवढं लिहून खाली सही.

"पै साहेबाला देऊ नको. मला दे. ज्याला दाखवायचं त्याला मी दाखवीन. तुझी नोकरी राहू दे तुझ्यापाशी."

मी म्हणालो, सोमवारी देतो.

त्यांनी मान हलवली. "लिहिताना माझं पूर्ण नाव लिही. नुसतं ब नको."

सोमवारी मी एक स्टॉप आधीच उतरलो आणि मागच्या फाटकाने आत गेलो. वरच्या खिडकीतून नाका दिसायचा. ते उभे होते. मंगळवारी होते. त्या आठवड्यात रोज होते. पुढच्या आठवड्यात दोन दिवस दिसले, मग दिसेनासे झाले. मी कागद लिहिलाच नव्हता असं नाही. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. नंतर कळलं, मुलुंडकडे एका बांधकामावर ते राखणदार म्हणून लागले आणि पुढे तेच करत राहिले.

वर्षं गेली. प्रयोगशाळा बंद झाली. पै साहेब वारले, वडीलही गेले. मी दोन नोकऱ्या बदलल्या, अजूनही मातीतच आहे. इमारतीच्या पायासाठी खोलवरून काढलेले मातीचे नमुने येतात, मी त्यांवर शेरे मारतो. नवी पोरं विचारतात, सर, हाताने कळतं का? मी म्हणतो, मशीनवर बघा.

मागच्या हिवाळ्यात मुलुंडला एका लग्नाला गेलो होतो. जेवताना शेजारी चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई बसली होती, शाळेत शिकवणारी. बोलता बोलता मी मातीचं काम करतो हे निघालं आणि तिचा चेहरा उजळला. "माझे बाबापण मातीच्या लॅबमध्ये होते. मरोळला." मी घास खाली ठेवला. बाबा कसे आहेत, विचारलं. बरे आहेत, म्हणाली, माझ्याकडेच असतात, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. मग हसून म्हणाली, आमच्या घरात एक गंमत आहे. कुणी कशाला उशीर लावला, दुरुस्तीवाला आला नाही, निकाल लागला नाही, की बाबा म्हणतात, परबचं पत्र येतंय, थांबा. आता माझी मुलंही तसंच म्हणतात. हा परब कोण ते बाबा सांगत नाहीत.

"तुम्ही त्याच लाइनीतले," ती म्हणाली. "ओळखत असाल एखाद्या परबांना?"

मी म्हणालो, ऐकल्यासारखं वाटतंय.

निघताना तिने पत्ता दिला. या कधी, बाबांना मातीवर बोलायला कुणी मिळत नाही. तो कागद माझ्या पाकिटात आहे. मी बोरिवलीत राहतो, ते मुलुंडला. मध्ये एक डोंगर आहे, बसने दीड तास. साहेब नाहीत, वडील नाहीत, नोकरी जायची धास्ती नाही. भ्यायला आता कुणी उरलेलं नाही, आणि तरी सहा महिने झाले.

हा लेख वाचून कुणी म्हणेल, सांगितलंस ना शेवटी. नाही सांगितलं. या लेखात बनसोडेंचं नाव मी बदललं आहे, माझंही. ज्या माणसाने आपलं पूर्ण नाव लिहायला सांगितलं होतं, त्याच्याबद्दल दहा पानं लिहूनही ते नाव मी लिहिलेलं नाही. त्यांना मी एक पत्र देणं लागतो: चार ओळी, त्यांचं खरं पूर्ण नाव, खाली माझं, सही आणि तारीख. ते मी अजून दिलेलं नाही.